बाराला निघून बाराला

मगदान ते मॉस्को : पाच हजार नऊशे किलोमीटर.
वेळ आठ तास, वारा समोरून फारच असला तर वर थोडा.
एकोणतीस वर्षं हेच सांगत आले मी
काचेला पाडलेल्या बशीएवढ्या भोकातून,
आणि मग, कुणी न विचारता, पुढचं :
दुपारी बाराला निघाल, दुपारी बारालाच उतराल.
घड्याळ आठ तास मागे घ्या.

लोक हसतात. प्रत्येकाला वाटतं
हा विनोद जगात त्यालाच पहिल्यांदा सुचला,
"म्हणजे ल्युबोव तिखोनोव्ना, आठ तास फुकट?"
फुकट. त्यांचं वजन करत नाही आम्ही.
वजन करतो माशांचं :
खोक्यात गच्च गोठलेली कोर्युश्का,
जिला ताज्या काकडीचा वास येतो
आणि जो मॉस्कोतल्या सुनांना सोसत नाही.

डिसेंबरात म्हणे सूर्य डाव्या खिडकीशी येऊन बसतो
आणि उठतच नाही, आठ तास एकच दुपार,
शिळी न होणारी.
मी एकदाच गेले. झोपून काढली.

मार्चमध्ये प्रोकोपी खाबारोव आला,
वर डोंगरातला, रेनडिअरवाला,
टोपीचे कान वर बांधलेले, बोटांना चुलीचा धूर.
बायको मात्र्योना मागे बाकावर, पोटावर हात ठेवून,
शेजारी इस्पितळाची नर्स, फाईल घेऊन.
किलोमीटर नाही विचारले त्याने.
"किती मुक्काम?"
म्हटलं, एका मुक्कामाचे किती धरता?
"ओझं लादलेलं असेल तर पंचवीस. बर्फ चांगलं पाहिजे."
पावतीच्या पाठीवर मी भागाकार केला.
दोनशे छत्तीस.
तो बराच वेळ ओठ हलवत राहिला,
तितक्यांदा तंबू, तितक्यांदा चहा,
तितक्या जागी मागे राहिलेली राख.
मागची माणसं खोकायला लागली.

त्यालाही ते बाराचं सांगितलं.
हसला नाही.
"आणि परत येताना?"

हे कुणी विचारत नाही.
परत येताना घेतात ते.
तिकडून संध्याकाळी सहाला बसलात
तर इकडे उतरता दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला :
आठ उडण्याचे, आठ फेडीचे.
खातं कोरं.
त्याने मान हलवली, जशी रास्त भावाला हलवतात.

ऑगस्टमध्ये पुन्हा आला, एकटाच.
रुमालात गुंडाळलेलं परतीचं तिकीट,
घडीसुद्धा न मोडलेलं.
ऑपरेशन नीट झालं असं एक पत्र होतं,
मग दुसरं पत्र.
मी कापायचे ते कापून पैसे मोजले.
त्यानेही मोजले, जिभेने बोट ओलं करत,
आणि उठला नाही.
"ते आठ तास?"
कुठले?
"तिने फेडले नाहीत ते."

दरपत्रक समोरच होतं.
कुत्र्यामांजरांचे दर होते त्यात, बंदुकीचे होते,
पाळण्यातल्या मुलाचे होते.
मी ते उगाच पालथं केलं, सरळ केलं.
म्हटलं, ते तिचेच.
मागता येत नाहीत कुणाला.

त्याने टोपी घातली. कान खाली सोडले, ऑगस्टमध्ये.
"आठ तास," म्हणाला,
"बराच चहा होतो."

माझी ताया अकरा वर्षांपूर्वी गेली.
नुसतं जाण्याचं तिकीट, मीच फाडून दिलेलं,
कर्मचाऱ्यांच्या सवलतीत.
त्या रात्री फोन केला. माझे बारा, तिचे दुपारचे चार.
विचारलं, अगं, ते आठ तास आहेत ना अजून?
की उडवलेस?
"कुठले आठ तास, आई? मी मेट्रोत आहे,
नीट ऐकू येत नाही, जरा मोठ्याने —"